गिअरबॉक्स बदलताना डावा एक्सल निघेना

पाना_१४: वॅगनआर, मॅन्युअल. गिअरबॉक्स बदलायचा आहे. उजवा एक्सल (गिअरबॉक्समधून चाक फिरवणारा शाफ्ट) टॉमी (उचकटायची सळई) लावताच सुटला, डावा आतून, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला, जाम. गाडी २०२१ च्या पुरात पंचगंगेच्या पाण्यात होती. निथळलेलं ऑईल दुधाळ आहे. शाफ्ट धरून ओढला की बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) ताणतो, कप (आतल्या जॉइंटची वाटी) जागचा हलत नाही. शिवाय बाहेरचं टोक हबमध्येही (चाक बसतं तो भाग) गच्च.

उद्यमनगर_फिटर: शाफ्ट ओढणं आधी थांबवा. आतला जॉइंट ट्रायपॉडचा (तीन रोलरचा) असेल तर तो कपातून सुटतो आणि बूट फाटतो. जोर कपावरच पडला पाहिजे.

कपाच्या दांड्यावर स्प्लाइनच्या (लांब दात्यांच्या) टोकाला तारेची बारीक रिंग असते. डिफरेन्शियलच्या (दोन्ही चाकांना फिरणं वाटून देणारा गिअरसंच) गिअरमागे ती फाकून अडकते. हळूहळू रेटा दिला तर ती आणखी घट्ट बसते, झटक्यानं मात्र आवळून सुटते. कप आणि केसिंगच्या (गिअरबॉक्सचं कवच) फटीत समोरासमोर दोन टॉमी घाला, दोन्हींना एकदम झटका द्या. नाही सुटला तर शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा. रिंगेचं तोंड कुठं आलंय यावर बराच फरक पडतो. टेकू केसिंगच्या जाड बरगडीवर घ्या, सीलच्या (ऑईल अडवणारी रबरी रिंग) कडेवर नको. जुना बॉक्स एक्स्चेंजला द्यायचा असेल तर फुटलेलं अॅल्युमिनियम कोणी घेत नाही.

लेथवाला_कोल्हापूर: फट फार अरुंद असेल तर काटा करून घ्या. ६ मिमी ईएन-८ स्टीलची पट्टी, टोकाला यू खाच, कडा पाचरीसारखी घासलेली, मागं सरकता हातोडा (दांड्यावर सरकवून झटका देणारं वजन). खाच दांड्यापेक्षा मिलिमीटरभरच मोठी ठेवा, जास्त सैल केली की काटा कपाच्या एकाच बाजूला ओढतो. उद्यमनगरात लेथवर हे तासाभराचं काम.

पाना_१४: दोन्ही करून पाहिलं, हललाच नाही. गॅस मारून तापवू का?

उद्यमनगर_फिटर: नको. सील आणि बूट जळतील. पाणी आत शिरून स्प्लाइन गंजली असणार. मग कप काढूच नका. बूटचा मोठा क्लॅम्प कापा, ट्रायपॉड कपातून बाहेर घ्या, आणि कपासकट बॉक्स खाली उतरवा. टेबलावर गंजाचं ऑईल सोडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी काट्यानं ओढा. बूट, क्लॅम्प, ग्रीस नवीन लागेल, पण गाडीखाली झोपून दोन दिवस घालवण्यापेक्षा स्वस्त.

शाहूपुरी_गॅरेज: हबच्या बाजूला हातोडा मारायचा मोह होतोच. आटे चेपले की शाफ्ट गेला. नट उलटा लावून शाफ्टच्या टोकाशी बरोबरीत आणा, मध्ये लाकूड किंवा पितळ धरा. तरी अडकून बसला तर तीन पायांचा पुलर (स्क्रूनं शाफ्ट ढकलून काढणारं हत्यार) लावा, मार बेअरिंगपर्यंत जायला नको. सुटलेला शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेनं स्प्रिंगला बांधा.

नव्या बॉक्समधले प्लॅस्टिकचे बूच शाफ्ट हातात येईपर्यंत काढू नका. दोन्ही बाजू रिकाम्या राहिल्या तर काही बॉक्समध्ये आतले गिअर सरकतात, मग शाफ्ट काही केल्या आत जात नाही. बसवताना रिंग आणि सील नवीन, सीलच्या ओठाला ग्रीस. रिंगही ग्रीसनं मध्यावर धरून ठेवा, तिरकी बसली तर शाफ्ट अर्ध्यातच थांबतो. कप आत गेला की 'टक्' वाजतं. नंतर कपच धरून हातानं ओढून बघा, आला तर रिंग बसलेली नाही.

पाना_१४: कपासकटच उतरवतो. क्लॅम्प उद्या.