मदत हवी आहे: कार्बनचे चार बंध लेकीला कसे समजावू?

नमस्कार मंडळी. आम्ही डिचोलीचे, लेक अकरावी विज्ञानला. चवथीची उरलेली माती आणि माडाच्या झाडूचे हीर घेऊन आम्ही मिथेनचा रेणू केला. चारही हीर एकमेकांशी १०९.५ अंशांत, कोन जुळवता जुळवता संध्याकाळ गेली.

आता ती विचारते, कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन ४, त्यातले दोन आधीच जोडीत. मग हायड्रोजनशी चार बंध, तेही अगदी सारखे, होतात कसे? ‘संकरण’ (म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वेगवेगळ्या कक्षका मिसळून सारख्या होणं) एवढ्या शब्दाने तिचं समाधान होत नाही. माझंही नाही.

इथीनच्या रेणूत कार्बनच्या दोन गोळ्यांमध्ये दुहेरी बंधाचे दोन हीर टोचल्यावर गोळे फिरायचे थांबले, तेव्हा ती हरखलीच! पण तिथला दुसरा बंध पहिल्याहून कमकुवत असतो ना? तो मातीत कसा दाखवायचा? रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कोणी कृपया सांगाल का?