मेलबर्न: चौथीच्या मुलांना अबोरिजिनल संस्कृती समजावी म्हणून सहल कुठे न्यावी?

शाळेतली_बाई: नमस्कार मंडळी. मी मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. पुढच्या टर्मला चौथीच्या ५२ मुलांची एक दिवसाची सहल माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी मुलं एका ठिकाणी बुमरँग रंगवून आली आणि बसमध्ये एकाने विचारलं, "बाई, ते लोक आता कुठे गेले?" तो प्रश्न मनातून जात नाही. आमची शाळा वुरुंजेरी लोकांच्या (इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे अबोरिजिनल समाजाच्या) भूमीवर आहे आणि ते आजही इथेच राहतात. हे मुलांना कळेल अशी जागा सुचवाल का?

यारा_काठी: ताई, रॉयल बॉटनिक गार्डनमधला अबोरिजिनल हेरिटेज वॉक घ्या. मी पालक म्हणून मुलीच्या वर्गाबरोबर गेले होते. वाटाड्या अबोरिजिनल समाजातलाच होता. सुरुवातीला ओली पानं जाळून धूर केला, स्वागत केलं आणि मग एकेका झाडापाशी थांबत तो बोलत गेला: कशाचा दोर वळतात, कशाचं औषध होतं. मुलं त्याला त्याच्या आजीबद्दल विचारत होती. तुमच्या त्या विद्यार्थ्याला उत्तर तिथे आपोआप मिळेल. फक्त गट लहान करा. ५२ मुलं एका माणसाभोवती उभी राहिली तर मागच्यांना काही ऐकू येत नाही.

निलगिरी: पाऊस असेल तर मेलबर्न म्युझियममधलं बुंजिलाका, म्हणजे तिथलं अबोरिजिनल संस्कृती केंद्र. तिथलं 'फर्स्ट पीपल्स' हे दालन २०१३ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या अबोरिजिनल समाजांना सोबत घेऊन उभं केलं आहे, त्यामुळे बोलणारे आवाज त्यांचेच आहेत. पॉसम या इथल्या झाडावरच्या प्राण्याच्या कातड्याची पांघरुणं अवश्य दाखवा.

माझा खरा आग्रह मात्र आधीच्या आठवड्याच्या तयारीचा आहे. नावं शिकवून न्या. सगळ्यांना मिळून 'आदिवासी' म्हटलं की वारली, भिल्ल, कोरकू यांच्यातला फरक जसा पुसला जातो, तसंच इथेही होतं. यारा नदीचं नाव बिरारुंग, स्वागताचा शब्द 'वोमिंजेका', निर्माता गरुड बुंजिल. डिजेरिडू उत्तरेकडच्या लोकांचं वाद्य आहे, इथलं मूळचं नाही, हेही सांगा. आणि ऋतू! कुलिन लोकांच्या (वुरुंजेरी त्यांच्यातलेच) वर्षात सात ऋतू असतात, त्यातला एक मार्चच्या सुमाराचा, वाम माशांचा. सहा ऋतू पाठ केलेल्या आपल्या पोरांना हे लगेच भिडतं.

अजून एक. दिवंगत माणसांचे फोटो आणि आवाज यांविषयी दालनात सूचना असते, कारण अनेक अबोरिजिनल लोकांना ते पाहणं-ऐकणं क्लेशदायक वाटतं. वर्गात कूरी (इथल्या अबोरिजिनल समाजातली) मुलं असतील तर त्यांच्या घरी आधी बोलून घ्या. आणि त्या मुलांना सगळ्यांसमोर "तू सांग" असं कधीच म्हणू नका.

वामवाला: वामचा विषय निघालाच आहे तर: बुज बिम या ठिकाणी गुंडिचमारा या अबोरिजिनल लोकांनी लाव्हाच्या दगडांत खोदलेले वाम पकडायचे चर आहेत, किमान ६,६०० वर्षांपूर्वीचे. २०१९ पासून जागतिक वारसा. पण शहरापासून एका दिशेलाच चार तासांच्या आसपास लागतात, चौथीला नको. घरच्यांबरोबर सुट्टीत जा.

शाळेतली_बाई: मनापासून आभार. बागेचा वॉक ठरवते, दोन गट करून: एक सकाळी, एक जेवणानंतर. निलगिरी, तुमची नावांची यादी उद्यापासून फळ्यावर. वोमिंजेकाचा उच्चार मात्र मी शिकवण्याआधी वाटाड्यांना फोन करून विचारून घेईन.