शेडमधली जुनी महिंद्रा पिकअप पोरासोबत चालू करायचीय, आधी कशाला हात घालू?

केळीवाला_रावेर:
नमस्कार मंडळी. वडिलांनी 1988 ला घेतलेली महिंद्राची पिकअप, ती जीपच्या तोंडाची, प्युजो इंजिनवाली, 2112 सीसी, चार गिअर, पुढंमागं पाटे, आमच्या मळ्यातल्या शेडमधे कित्येक वर्षं पडून आहे. केळी कापणीला घड भरून निंभोरा स्टेशनपर्यंत हिच्याच फेऱ्या असायच्या, मग नवी गाडी आली आणि हिच्या हौद्यात ठिबकच्या नळ्यांचे बंडल जे पडले ते पडलेच. आता पोरगा सोळाचा झालाय, दहावीची परीक्षा संपली आणि हा गाडीच्या मागे लागला, मला आनंदच आहे कारण नाहीतर दिवसभर मोबाईल, पण अडचण अशी की तोच मोबाईल बघून रोज नवीन यादी करतो, कॉमनरेल म्हणजे नव्या पद्धतीचं डिझेल इंजिन टाकू, गाडी उंच करू, जाडजूड टायर, एलईडी बार, पॉवर स्टिअरिंग, पॉवर ब्रेक. माझं म्हणणं आजोबांच्या वेळी होती तशी उभी राहिली तरी गंगेत घोडं न्हालं. यावरून घरात रोज वाद, आई दोघांनाही वेड्यात काढते.

गाडीची हालत: ब्रेक पेडल थेट तळाला जातं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कुजलाय, हौदा केळीच्या चिकानं आणि पाण्यानं सडलाय, चेसिस वरून तरी बरी दिसते. इंजिन फिरवून पाहिलेलं नाही. आरसी बुक आहे, पासिंग (आरटीओचं फिटनेस) कधीचं संपलंय. पैसा थोडा थोडा घालणार, एकदम नाही. सुरुवात कुठून करू, आणि पोराच्या यादीतलं नेमकं काय करण्यासारखं आहे?

पाना_तेरा (धुळे):
भाऊ, सगळ्यात आधी सांगतो, चावी लावून सेल मारायचा नाही. इतकी वर्षं उभं इंजिन आहे, आधी चारही हीटर प्लग काढा, भोकातून थोडं थोडं इंजिन ऑईल सोडा, एक रात्र राहू द्या, मग खालच्या पुलीला पाना लावून हातानं सावकाश फिरवा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. टाकीतलं जुनं डिझेल वापरू नका, ते चिकट होऊन खाली गाळ बसलेला असतो, पहिल्या स्टार्टला कॅनमधून स्वच्छ डिझेल द्या, फिल्टर नवा टाका, हँड पंप मारून एअर काढा.

आता हे नीट वाचा. उभ्या गाडीचा, इंजिनला डिझेल देणारा पंप आतून अडकलेला असू शकतो, तसं असेल तर इंजिन स्टार्ट होताच रेस घेत सुटतं आणि चावी फिरवा नाहीतर काही करा, बंद होत नाही, तुकडे होईपर्यंत पळतं. म्हणून एअर क्लीनरचा पाईप काढून ठेवायचा आणि हवेच्या तोंडावर दाबायला एक सपाट जाड फळी हाताशी ठेवायची, हवा बंद केली की इंजिन मरतं. हात किंवा फडकं लावायचं नाही, आत ओढून घेतं. हे काम तुम्ही करा, पोराला तेव्हा चार पावलं लांब उभं करा.

स्टार्ट झाली तरी हलवू नका, ब्रेक आधी. पेडल तळाला जातंय म्हणजे व्हील सिलिंडरचे रबर गेले असतील. चारही चाकाला ड्रम आहेत, चारही खोला, मास्टर सिलिंडर किट बदला, रबरी होस बदला, जुनं ऑईल सगळं फेका कारण ब्रेक ऑईल हवेतली ओल पितं आणि आतून गंज धरतो. जुन्या ब्रेक लायनरमधे ॲस्बेस्टॉस असतं (त्याची धूळ फुफ्फुसाला घातक), ड्रममधली धूळ कंप्रेसरच्या हवेनं उडवायची नाही, पाणी मारून ओल्या फडक्यानं पुसा, दोघांनी मास्क लावा. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली घुसायचं नाही, चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. पोरं हे ऐकत नाहीत, त्यांना सतरांदा सांगावं लागतं.

कागदपत्रं_जळगाव:
गाडीचं त्यांनी सांगितलं, मी कागदाचं सांगतो, कारण इथंच लोकांचे पैसे बुडतात.

पोराच्या यादीतलं पहिलं कलम खोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीत नोंदलेलं कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन मनानं बदलता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी 2019 मधे हेच सांगितलंय. दुसऱ्या जातीचं इंजिन बसवलं तर पासिंगलाच गाडी अडकेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच कारण पुढं करेल. गाडी उंच करणं, मोठे टायर हेही त्याच वाटेचं.

दुसरं, प्लेट पिवळी असेल तर ही ट्रान्सपोर्ट गाडी. पासिंग नसलेली ट्रान्सपोर्ट गाडी कलम 56 प्रमाणे रजिस्टर्डच धरत नाहीत, त्यामुळे ट्रायल घ्यायला हायवेवर काढू नका, मळ्यातच काय ते फिरवा आणि पासिंगला टो करून न्या. नंतर दरवर्षी पासिंग लागेल.

तिसरं पोरासाठी. अठराला लायसन मिळालं तरी ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला कलम 4 प्रमाणे 20 पूर्ण लागतात. आणि आत्ता सोळाव्या वर्षी गाडी चालवताना रस्त्यावर सापडला तर कलम 199अ लागतं, बापाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. शेजारच्या गावाला जाऊन येतो म्हणणारे बाप खूप पाहिलेत मी.

कोणीतरी व्हिंटेज म्हणजे जुनी हौशी गाडी म्हणून नोंदवायचा सल्ला देईलच म्हणून आधीच सांगतो. तो नियम जुलै 2021 चा, गाडी 50 वर्षांहून जुनी लागते, म्हणजे तुमची 2038 नंतर. पण त्यात अट आहे की चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं पाहिजे, आणि व्हिंटेज झाली की धंद्याला वापरता येत नाही. पोराला ही अट वाचायला द्या, तुमचा घरचा वाद बराच मिटेल.

केळीवाला_रावेर:
कागदपत्रं साहेब, तुमचं लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं, कॉमनरेल बंद. तोंड पडलंय. पण आता म्हणतो, अप्पा इंजिन जुनं तर जुनं, निदान पॉवर ब्रेक आणि लाईट तरी चांगले करू. पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर बाजारात मिळतो, पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या नुसता मधे बसवायचा म्हणे.

आयटीआय_मॅडम:
दादा, मी मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवते, तुमच्या पोराचा प्रश्न चांगला आहे, त्याला गप्प करू नका. पण नुसता मधे बसवून चालणार नाही. बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे मॅनिफोल्डमधे तो आपोआप तयार होतो, तुमच्या डिझेलला थ्रॉटलच नाही, त्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच असतो. आधी बूस्टरशिवायचे ब्रेक पूर्ण नीट करा, नवे लायनर, ड्रम खरवडून, ॲडजस्ट करून. ते लागायला लागले की मग बूस्टरचं आरटीओत विचारून ठरवा. सडक्या ब्रेकवर बूस्टर लावण्याला काही अर्थ नाही.

लाईटचं काम मात्र पोराकडेच द्या, पूर्ण. हेडलाईटच्या एच4 बल्बचा हायबीम एका बल्बला 60 वॅट, दोन बल्ब म्हणजे 120, बारा व्होल्टनं भागलं की 10 अँपिअर. हे त्यानं दहावीत केलंय, विचारा त्याला. जुन्या गाडीत हा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो, म्हणून स्विच तापतो आणि लाईट मेणबत्तीसारखी पडते. दोन रिले (छोट्या करंटवर चालणारे मोठ्या करंटचे स्विच), एक फ्यूज, बॅटरीपासून जाड वायर, मूळ स्विच नुसता रिले चालवेल. प्रकाशातला फरक त्याला स्वतःला दिसेल, आणि ज्या एलईडी बारसाठी पोलीस अडवतात त्याची गरज राहणार नाही. फक्त सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला सांगा.

अजून एक, सीटबेल्ट. यादीत कोणी लिहिलाच नाही. तीन पॉइंटचा लावा, पण कुजलेल्या पत्र्याला बोल्ट मारून नाही, मागून जाड प्लेट द्या.

तापीकाठचा:
भो, तुम्हनी गाडी भारी शे. मी फक्त पत्र्याचं सांगतो. फ्लोअरवर पुट्टी भरून देणारे डेंटर मिळतील, स्वस्तात, पावसाळ्यात परत भोक. सडलेला भाग कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगनं लावा आणि खालून वरून दोन्हीकडून प्रायमर. मागच्या पाट्याचे हँगर चेसिसला जिथं लागतात तिथं हातोडी मारून आवाज ऐका, खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर तिथं आधी काम. हौद्याला मी म्हणतो जुन्यासारख्या लाकडी फळ्याच टाका, फाळका तेवढा मूळचा ठेवा. आणि मे महिना आहे, शेडमधे दहानंतर पाना हातात धरवत नाही, पहाटे उठवा आंडोरले (पोराला).

केळीवाला_रावेर:
इंजिन फिरलं!! ऑईल टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी पोरानंच पाना लावला. अजून स्टार्ट नाही केलं, सांगितल्याप्रमाणे ब्रेकला लागलोय. पुढचे दोन्ही ड्रम आणि मागचा उजवा निघाला, मागचा डावा काही केल्या निघत नाही. पोरगा म्हणतो घण घालू.

पाना_तेरा (धुळे):
घण नको, ड्रम बिडाचा असतो, चिरला की दुसरा शोधत दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या पार्ट बाजारापर्यंत फोन करत बसाल. ड्रमला आतून झिजून कड आलेली असते, त्यात शू (लायनर लावलेले ब्रेकचे पट्टे) अडकतात. मागच्या प्लेटवरचा ॲडजस्टर पूर्ण ढिला करा, ड्रमचे स्क्रू निघालेत ना बघा, सांध्यात डिझेल सोडून ठेवा आणि मग लाकडी हातोडीनं कडेकडेनं गोल फिरत ठोका. निघाला की आतला फोटो टाका, सिलिंडर गळतोय का लगेच कळेल.