जे/२४चा ताफा फक्त बोयांभोवतीच फिरवायचा का?

खारा वारा

मुंबई बंदरातल्या आपल्या जे/२४ या शर्यतीच्या शिडाच्या बोटींच्या ताफ्याचं नव्या मोसमाचं वेळापत्रक आता ठरेल. ते कसं असेल हे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे. दर रविवारी दुपारी स्टार्ट, वाऱ्याकडची बोया (पाण्यावर तरंगणारी खूण), खालची बोया, पुन्हा वरची, पुन्हा खालची, आणि संध्याकाळी निकाल. माझं म्हणणं असं की महिन्यातला एक शनिवार-रविवार शर्यत ठेवूच नये. सगळ्या बोटींनी मिळून बंदराबाहेर पडावं, मांडव्याला रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी परत यावं.

ही बोट त्यासाठी नाही, असं कुणी म्हणेल, म्हणून आधीच लिहितो. रॉड जॉनस्टनने १९७६ साली अमेरिकेत स्टोनिंग्टनला घराच्या गॅरेजमध्ये पहिली बोट बांधली. तिने शर्यती जिंकल्या म्हणून पुढच्या वर्षी कारखान्यात उत्पादन सुरू झालं आणि आजवर जगभरात ५,०००हून जास्त बोटी निघाल्या. शर्यतीचीच बोट आहे, मान्य. पण तिच्या आत झोपायला फळ्या आहेत, आणि वर्गाचे नियम शर्यतीच्या दिवशीसुद्धा नांगर आणि आउटबोर्ड इंजिन बोटीवर ठेवायला लावतात. रेसिंगच्या नावाखाली आपण त्या नांगराला वर्षानुवर्षं हातही लावत नाही.

मांडवा गेटवेपासून सुमारे ७ सागरी मैल, आग्नेयेच्या जरा दक्षिणेला. दुपारी वारा वायव्येचा, म्हणजे जवळजवळ पाठीमागून. पौर्णिमेच्या शनिवारी निघालो तर ओहोटीही सोबत येते. जुना हिशेब सगळ्यांना माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधराव्या तिथीला सव्वाअकरा येतात, भरती-ओहोटीच्या तक्त्यात बाराच्या आसपास निघते. म्हणजे दुपारभर पाणी बाहेर वाहणार. दुसऱ्या दिवशी सकाळी भरती लागली की तीच आपल्याला आत आणणार, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा चांगला असतो.

आता खरं कारण. आपल्याकडे क्रू टिकत नाही. दोन मोसम दोऱ्या ओढतात आणि जातात. त्यांना या बंदरातलं काय येतं? स्टार्टचा भोंगा. सनक रॉकचं दीपगृह कुठल्या बाजूला ठेवायचं, उधाणाला ओहोटी कुठे जोर धरते, मोठं जहाज चॅनेलमध्ये (जहाजांच्या खोल वाटेत) वळताना दिसलं तर किती आधी बाजूला व्हायचं, यातलं काहीच नाही. समोर एवढा दर्या असताना आपण तीन बोयांच्या आत माणसं घडवतो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्टार्ट लाइन

खारा वारा, तुमची तळमळ कळते, पण प्रस्तावाला माझा ठाम विरोध.

वन-डिझाइन ताफा म्हणजे काय, हे आधी लक्षात घेऊ. वेगवेगळ्या बोटी असल्या की हँडिकॅप लागतो, वेळेची वजाबाकी होते, आणि घरी जाईपर्यंत कळत नाही कोण जिंकलं. आपल्याकडे सगळ्या बोटी सारख्या, क्रूचं एकूण वजन ४०० किलोच्या आत, नवी शिडं घेण्यावरही मर्यादा. म्हणून रेषा आधी ओलांडली तो जिंकला. पैसे जास्त असलेला माणूस इथे वेग विकत घेऊ शकत नाही. आपल्या देशात शिडाच्या खेळात इतकं न्याय्य दुसरं काही मला सापडलेलं नाही. ते टिकतं फक्त एका गोष्टीवर: रविवारी रेषेवर किती बोटी आहेत.

ताफे एका दिवसात मरत नाहीत. एका रविवारी दोन बोटी येत नाहीत, पुढच्या रविवारी तीन. मग बोया टाकणारी बोट आणि पंच बोलावणं परवडत नाही, आणि एक दिवस वेळापत्रकातला महिना रिकामा दिसतो. बंदरात सीबर्ड या लाकडी शिडाच्या बोटींवर प्रेम करणारे जुने लोक आहेत, त्यांना विचारा, रेषेवरची एकेक बोट कमी होताना काय वाटतं. मोसम तसाही ऑक्टोबर ते मे. त्यातून परीक्षा, लग्नसराई, वाऱ्याविना गेलेले दिवस वजा करा. त्यात महिन्याला एक शनिवार-रविवार तुम्ही भटकंतीला मागता.

शिवाय बोयांभोवती माणूस घडत नाही हे मला मान्य नाही. जोराच्या ओहोटीत, मंद वाऱ्यात, खालच्या बोयेला वळसा घालताना जी घाई होते ती मांडव्याच्या वाटेवर तीन मोसमांत होणार नाही. वारा पडला की नांगर टाकून जागेवर थांबणारा पुढे जातो आणि बाकीचे मागे वाहत जातात. शर्यतीच्या नियमांतला नियम ४५ त्याला परवानगी देतो, निघताना नांगर वर घेतला की झालं. तेव्हा नांगराला हात लावत नाही म्हणता, तर शर्यतीतच लावा.

फोरडेक

मी पुढच्या डेकवर काम करते. स्पिनेकर (पुढचं मोठं फुगीर शीड) चढवणं, त्याचा पोल बदलणं, उतरवून आत कोंबणं. मला शर्यत आवडते, हे आधी सांगते, कारण भटकंतीच्या बाजूने बोललं की लोकांना वाटतं हिला जमत नसेल.

शर्यतीत सुकाणू मालकाच्या हातात असतं. असणारच, निकाल त्यांच्या नावावर लागतो. त्यामुळे आमच्यासारख्यांनी बोट चालवायला शिकायचं तरी कधी? ताफ्यातल्या मुलींची अवस्था तर आणखी वाईट आहे. आम्ही हलक्या म्हणून ४०० किलोंच्या हिशेबात बसतो, पुढे पाठवलं जातो, आणि तिथेच राहतो. तारिणी या शिडाच्या बोटीवर वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा नौदल अधिकारी २०१७-१८मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. त्यांचं कौतुक आपल्या ताफ्यातही झालं असेल. पण आपल्या बोटींवर बाईच्या हातात टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, किती वेळा येतो, हे प्रत्येकाने स्वतःच्या बोटीपुरतं मोजावं. मांडव्याला जाताना दीड-दोन तास मिळतात. तेवढ्यात पाचही जणांची पाळी येते.

डब्लिनकर

ताफ्याबाहेरचा माणूस, पण राहवत नाही म्हणून लिहितो. मी पुण्याचा, सध्या डब्लिनला. इथे हौथ बंदरात हौथ सेव्हन्टीन नावाच्या लाकडी, गाफ शिडाच्या कीलबोटी आहेत. वॉल्टर बॉइडने त्यांचं डिझाइन केलं. पहिल्या पाच बोटी उत्तरेला कॅरिकफर्गसला जॉन हिल्डिचच्या यार्डात बांधल्या आणि सुमारे ९० मैल शिडावर हौथला आणल्या. ४ मे १८९८ला पहिली शर्यत. त्या बोटी आजही त्याच बंदरात शर्यत करतात.

२०१८च्या मार्चमध्ये एमा वादळाने धक्क्यावरची शेड पाडली आणि आत ठेवलेल्या सात बोटींचं नुकसान झालं. एवढ्या जुन्या बोटी, कुणीही सोडून दिल्या असत्या. लोकांनी त्या पुन्हा बांधल्या. माझ्या मते याचं कारण असं की त्या बोटी लोकांच्या आयुष्यात आहेत, फक्त निकालपत्रात नाहीत. दर वर्षी लॅम्बे बेटाला वळसा घालणारी शर्यत असते, तीत त्याही उतरतात. बोया नाही, खरं बेट, खरी भरती-ओहोटी. तुमच्याकडे तर खांदेरी आहे.

स्टार्ट लाइन

डब्लिनकर, उदाहरण सुंदर आहे, पण ते माझ्याच बाजूने जातं. लॅम्बेची शर्यत ही शर्यतच आहे. भोंगा वाजतो, निकाल लागतो. कॅरिकफर्गसहून आणल्या त्या बोटी घरी पोचवण्यासाठी, सहलीला नाही. १२५ वर्षं ताफा टिकला तो मोसमात नेमाने शर्यती झाल्या म्हणून.

फोरडेक यांचा मुद्दा मात्र मला बोचला. त्यावर उपाय शर्यतीतच करावा. महिन्यातली एक शर्यत अशी ठेवा की मालकाने सुकाणू धरायचंच नाही. मालक चिडतील, पण ताफ्याच्या बैठकीत मी हा ठराव मांडायला तयार आहे.

खारा वारा

ठराव मांडाच, मी पाठिंबा देतो. पण एका गोष्टीचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. सगळ्या बोटी सारख्या असणं ही ताफ्याने प्रवास करताना केवढी मोठी सोय आहे! वेग सारखा, त्यामुळे कुणी क्षितिजामागे राहत नाही. शिवाय दोन सारख्या बोटी तास दीड तास शेजारीशेजारी एकाच दिशेने चालल्या की शिडाच्या ताणात कुठे फरक आहे ते उघड दिसतं. रविवारच्या शर्यतीत दर काही मिनिटांनी टॅक होतो (बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवावं लागतं), हा अभ्यास होतच नाही. माझ्या मते भटकंती केलेला ताफा शर्यतीतही जास्त चुरशीचा होईल.

थळचा डोलकर

खांदेरीचं नाव आलं म्हणून लिहितो. आमच्या घराच्या अंगणातून दिसते. वेताळबाबाच्या दर्शनाला आम्ही होडीने जातो.

शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी मुंबईहून मोठी जहाजं पाठवली. वारा पडला की ती जहाजं अडकायची आणि आपल्या लहान होड्या वल्ह्यांवर रात्री सामान घेऊन निसटायच्या. या पाण्यात वाऱ्यापेक्षा पाण्याची ओढ ओळखणारा मोठा, हे तेव्हापासूनचं आहे. २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत खांदेरीचं नाव लागलं, तेव्हापासून येणाऱ्यांची नजर वाढली आहे.

पण तुम्ही पौर्णिमेचा शनिवार धरता आहात आणि आमची खरी कमाई त्याच दिवसांत असते. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओढ नाही, मासळी नाही. उधाणाला जाळी लावलेली असतात, बोये कधी पाण्याखाली ओढले जातात आणि वरून दिसतच नाहीत. तुमची कील, म्हणजे बोटीखालचा जड पंखा, आणि सुकाणू खोल. जाळ्यात गेली तर तुम्ही अडकाल आणि आमचं जाळं फाटेल. एका जाळ्याची किंमत काय असते ते कुणी विचारत नाही. वाट आमच्याकडून विचारून घ्या, मग खुशाल या.

ओहोटी

डोलकरदादांना बोलावं लागलं ते आम्हीच आधी बोलायला हवं होतं. मी आणखी भर घालतो.

मांडवा वायव्येला उघडं आहे. दुपारचा वारा जिथून येतो तिथूनच लाट येते आणि संध्याकाळी नांगरावर बोट रात्रभर डोलते. उधाणाला पाणी साडेचार मीटरपर्यंत चढतं-उतरतं. सुकतीला, म्हणजे पाणी सगळ्यात खाली असताना, ३ मीटर पाणी पाहून नांगर टाकला तर भरतीला साडेसात होतं. भरतीसाठी दोरी सोडलीत तर सुकतीला त्याच दोरीवर बोटी एकमेकींवर फिरतील. आठ बोटी, आठ नवखे नांगर टाकणारे, अंधार, आणि बाजूने रो-रो फेरी.

दुसरं, जे/२४ बंद डबा नाही. जोराच्या झोताखाली आडवी झाली आणि झाकणं उघडी असली तर पाणी आत शिरतं. कील ओझं आहे, तरंगणारं काही नाही, भरली की बुडते. रविवारी पंचांची आणि बचावाची बोट शेजारी असते म्हणून आपण निवांत असतो. चॅनेलमध्ये तर शिडाची बोट म्हणून हक्क सांगताच येत नाही. टक्कर टाळण्याच्या नियम ९ नुसार चॅनेलमधूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाची वाट लहान बोटीने अडवायची नाही. डिसेंबर २०२४मध्ये नीलकमल फेरीचा अपघात याच पाण्यात झाला, त्यात १५ जण गेले. तेव्हापासून बंदरात बेफिकीर राहण्याचा हक्क कुणालाच उरलेला नाही.

फोरडेक

ओहोटी, हे सगळं खरं आहे, आणि यातलं एकही वाक्य मला चार मोसमांत कुणी शिकवलं नव्हतं. नांगराच्या दोरीचा हिशेब तर आज पहिल्यांदा नीट कळला.

खारा वारा

मग पहिली फेरी रात्रीची नको. भांगाचा रविवार धरू: ओढ कमी, जाळी कमी. अष्टमीला पाऊणपट सहा, म्हणजे दुपारी बारापासून भरती आणि परत येताना तीच मागून ढकलेल. सकाळी मतलईवर निघायचं, मांडव्यासमोर दिवसाउजेडी प्रत्येक बोटीने नांगर टाकून वर घ्यायचा, दुपारी वायव्येचा वारा लागला की टॅक करत परत. पंचांची बोट सोबत, सगळ्यांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट, झाकणं बंद, व्हीएचएफ रेडिओ वाहिनी १६ वर. वाट थळच्या आणि करंज्याच्या तांडेलांना (मच्छीमार होड्यांच्या प्रमुखांना) विचारून आखायची.

स्टार्ट लाइन

परतीच्या वाटेवर वाऱ्याविरुद्ध सात मैल टॅकिंग आहे आणि सगळ्या बोटी एकत्र निघणार. मांडव्यासमोर रेषा टाका, मालकांना सुकाणूवरून उठवा, आणि तो निकाल मोसमाच्या गुणांत धरा. तसं करणार असाल तर माझी बोट येईल. गुण धरणार नसाल तर त्या रविवारी मी गेटवेसमोर असेन, आणि माझ्यासोबत जे येतील त्यांची शर्यत लावेन.

खारा वारा

गुणांना माझी हरकत आहे. निकाल आला की सुकाणू पुन्हा सगळ्यात अनुभवी हातात जाईल, मालक नसला तरी. बैठकीत मतदान घेऊ.