गुरूला प्रश्न विचारायलाच हवा

वरती एका भाऊंनी लिहिलंय की गुरूवर शंका घेतली की साधना वाया जाते, मला हे अजिबात पटत नाही. आपल्या मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं मंदिर आहे ना, कथेप्रमाणे १४०० वर्षांचा योगी, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन आलेला, आणि त्याने गुरू कोणाला केलं तर कोवळ्या वयाच्या मुक्ताईला, जिच्याकडे मठ नाही की गादी नाही. तत्त्वज्ञ जे. कृष्णमूर्तींनी तर १९२९ मध्ये त्यांना जगद्गुरू मानणारी अख्खी संघटनाच बरखास्त केली. आणि आमच्याकडे कापसाचा पैसा हातात आला की पोराची फी बाकी ठेवून लोक बाबाच्या पायाशी पाकीट ठेवतात, फार जीव तुटतो हे बघून. भाऊ, तुम्ही एकदा तुमच्या गुरूंना देणग्यांचा हिशोब विचारा आणि काय उत्तर मिळालं ते इथे नक्की लिहा.