मागच्या सीटवरच्यांनी जरा गप्प बसावं

पोलिसाने हात केला की लगेच उतरून त्याच्याकडे जावं का, असं विचारलंय. माझ्या मते घाई नको, इंडिकेटर देऊन गाडी डावीकडे घ्यायची, इंजिन बंद, काच खाली, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा. मागे गणपतीला गावी येताना हातखंब्याच्या अलीकडे थांबवलं, पाऊस धो धो, हवालदार रेनकोटात निथळतोय, "लायसन दाखवा" एवढंच म्हणाला बिचारा, आणि मी मोबाईल काढतोय तोवर मागून आमचे मेव्हणे सुरू, "आमची ओळख आहे वरपर्यंत". झालं! दोन मिनिटांचं काम पाऊण तासावर गेलं, डिकीतलं मखरसुद्धा बाहेर काढून दाखवलं भर पावसात.

लायसन मागायचा हक्क मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नेच गणवेशातल्या पोलिसाला दिलाय, त्यात वाद कसला. डिजिलॉकर, एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं २०१८ पासून चालतात, गॅलरीतला फोटो नाही चालत. फक्त घाटात रेंज मिळेलच असं नाही, सो ॲप आधीच उघडून बघा. आणि रोख दंड भरलात तर पावती मागा, शांतपणे. मेव्हणे आता एसटीने येतात.