शब्दचर्चा : 'विकृत' गुणोत्तर की 'कललेलं' गुणोत्तर?

प्रश्न : पिकांच्या जनुकीय नकाशांवर मराठीत लेख लिहिते आहे. 'सेग्रिगेशन डिस्टॉर्शन'ला, म्हणजे संततीत पालकांची जनुकरूपं अपेक्षित गुणोत्तरात न येण्याला, 'विभक्तीकरणातील विकृती' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : 'विभक्तीकरण' ठेवा. 'विकृती' मात्र नको. विकृती म्हटलं की रोग, बिघाड मनात येतो आणि वाचक मार्करलाच (गुणसूत्रावरची जागा ओळखायची डीएनएची खूण) दोषी धरतो. खरं तर मार्करचा बहुधा काहीच दोष नसतो, बाजू घेतं ते शेजारचं जनुक.

मक्याचंच बघा. लाह्यांचा मका आणि स्वीट कॉर्न यांच्या संकरात दुसऱ्या पिढीच्या कणसावर सुरकुतलेले गोड दाणे 25 टक्के यायला हवेत. येतात कमी. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कॉरेन्सला हे 1902 मध्येच दिसलं होतं, उलगडा मात्र मँगल्सडॉर्फ आणि जोन्स या संशोधकांनी 1926 मध्ये केला. गोडीच्या जनुकाजवळ, चौथ्या गुणसूत्रावर, जीए-1 हे जनुक आहे. त्याचं लाह्यांच्या मक्यातलं रूप ज्या परागकणांत असतं, त्यांची परागनलिका संकरित झाडाच्या स्त्रीकेसरात बाजी मारते. गोडीचं जनुक दुसऱ्या परागकणांत असल्यामुळे मागे पडतं. यात बिघडलं काय?

प्रश्न : पण असे मार्कर नकाशातून काढूनच टाकतात ना?

उत्तर : बरेच जण काढतात, आणि मला ते मुळीच पटत नाही. बॅकक्रॉसच्या (संकराचा पुन्हा एका पालकाशी संकर) 100 रोपांत 50:50 ऐवजी 60:40 आलं तर काय-वर्ग, म्हणजे अपेक्षेपासूनची तफावत मोजणारा आकडा, 4 येतो. 5 टक्के पातळीची मर्यादा 3.84, म्हणजे मार्कर बाद! पण त्या पातळीला शंभरातले पाचेक मार्कर नुसत्या योगायोगानेही मर्यादा ओलांडतात. म्हणून आधी शेजारी बघावेत. एकटाच मार्कर फटकून असेल तर जीनोटाइपिंगची (कोणत्या रोपात कोणतं जनुकरूप आहे ते तपासण्याची) चूक शोधा. सलग पाच-सहा मार्कर एकाच पालकाकडे झुकले असतील तर तिथे काहीतरी घडतंय. भाताच्या इंडिका आणि जॅपोनिका या दोन उपजातींच्या संकरात सहाव्या गुणसूत्रावरचं एस-5 हे ठिकाण असंच आहे. तिथे ठरावीक भ्रूणकोश (बीजांडातले स्त्रीबीज असलेले कोश) मरतात, त्यामुळे संकराला दाणे कमी धरतात. तिथले मार्कर वगळले तर नकाशात नेमकी तिथेच पोकळी राहील.

सावधगिरी हवी ती वेगळ्या जागी. दोन निरनिराळ्या गुणसूत्रांवरचे मार्कर दोन्ही झुकलेले असले तर ते खोटेच सहलग्न (एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेले) भासू शकतात. तिथे गुणोत्तर गृहीत न धरणारी स्वतंत्रतेची चाचणी वापरावी.

म्हणून माझं मत 'कललेलं गुणोत्तर' या शब्दाला. कल म्हटला की कुणाकडे, हे सांगावंच लागतं : 'या पट्ट्यातले मार्कर इंडिका पालकाकडे कललेले आहेत.'